चाहता आणि चिकित्सक



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे संतवाङ्मय, इतिहास, पाणीप्रश्न, आरोग्य असे विषय ओघानेच येतात. पत्रिकेवर 'दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा आणि तिचे चाहते' हा आजचा विषय वाचून एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "हा पोरखेळ मोठ्या माणसांपुढे कशासाठी?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचा आमचा विचार नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा मालांच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. समोरचा श्रोता ऐकता ऐकता मनातल्या मनात वक्त्याची परीक्षा घेत असतो. आज आम्ही बोलणार आहोत ते अशाच परीक्षा घेणाऱ्या माणसांविषयी. त्यांच्यापुढे वक्त्याच्या जागी एक काचेची पेटी होती, एवढाच काय तो फरक.

प्रथम शब्दाचा विचार करू. चाहत्याला इंग्रजीत 'फॅन' म्हणतात. 'फॅनॅटिक' या शब्दाचे शेपूट तोडून हा शब्द झाला, आणि त्या मूळ शब्दाचे लॅटिन घराणे शोधीत गेले तर वाट देवळापाशी पोचते. देवळात ज्याच्या अंगात येते, जो झपाटला जातो, तो फॅन. आपल्याकडे मात्र नाटक-गाण्याच्या संदर्भात दुसराच एक शब्द रूढ आहे, तो रसिक. रसिकाला प्रेम असतेच, पण त्याला पारखही असावी अशी आपली अपेक्षा असते. गवई बेसूर झाला तर खरा रसिक खाली मान घालतो, आणि घरी गेल्यावर चार दिवस तळमळतो. विज्ञानकथेच्या चाहत्यांत हे दोन्ही गुण एकाच माणसात नांदताना दिसतात. तो झपाटलेलाही असतो आणि चिकित्सकही. असे का होते, आणि आपल्याकडे या चिकित्सेचे काय झाले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दूरचित्रवाणी मराठवाड्याच्या गावांतून खऱ्या अर्थाने पसरली ती ऐंशीच्या दशकात. १९८४ साली देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा सुरू झाला. काही महिने तर जवळजवळ दिवसाला एक प्रक्षेपक उभा राहत होता. मग घरोघरच्या गच्च्यांवर माशाच्या काट्यासारखे अँटेना दिसू लागले, आणि एक पोरगा वर चढून अँटेना फिरवीत आहे, खालून दुसरा "आले, आले... गेले!" म्हणून ओरडत आहे, हे दृश्य गल्लोगल्ली झाले. 'रामायण' या मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत हे सर्वांना आठवते. परंतु रविवारी सकाळी त्याच पेटीवर अमेरिकेची 'स्टार ट्रेक' ही मालिकाही दाखविली जात असे, हे थोड्यांनाच आठवते. पुढे दशकाच्या शेवटी 'स्पेस सिटी सिग्मा' आली, तिच्यातला झकाकू नावाचा खलपुरुष पोरांनी गल्लीत आणला. १९८९ साली 'इंद्रधनुष' आली. तिच्यात गिरीश कर्नाड होते आणि मुलांनी जुळविलेल्या संगणकाची काळप्रवासाची गंमत होती. १९९८ साली केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली. तिची कथा तेविसाव्या शतकात घडते आणि नायक आपले मिलिंद सोमण.

या मालिका पाहताना वाड्यावाड्यांतून जी टीका चालत असे ती आम्ही कानांनी ऐकलेली आहे. एक विज्ञानाचे गुरुजी होते. अवकाशात यान फुटल्याचा धडाडधूम आवाज झाला की ते हटकून म्हणत, "निर्वातात आवाज कसा येईल? हवाच नाही तर लाट कोण वाहून नेणार?" मुले म्हणत, "गुरुजी, गप्प बसा, बघू द्या." पण पुढच्या रविवारी तीच मुले स्फोट होताच एकमेकांकडे पाहून हसत. एका मुलाचा प्रश्न असा होता की परग्रहावरचे सगळे लोक हिंदी कसे काय बोलतात? आणि घरातल्या एक आजी म्हणाल्या होत्या, "हे एवढे जण वर्षानुवर्षे त्या यानात राहतात, मग स्वयंपाक कोण करते?" त्या वेळी सगळे हसले. आज विचार केला तर आजींचा प्रश्न गुरुजींच्या प्रश्नापेक्षा खोल जातो असे आम्हांस वाटते. भविष्यकाळ रंगविणाऱ्यांनी यंत्रे पुष्कळ कल्पिली. घरकाम कोणाच्या वाट्याला येईल याची कल्पना करण्याचे मात्र बहुतेकांच्या मनात आले नाही.

ही सगळी टीका अस्सल होती, आणि ती सगळी हवेत विरली. एका ओळीने ती कागदावर उतरली नाही.

आता सातासमुद्रापलीकडे काय झाले ते पाहा. ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या गृहस्थांनी १९२६ साली अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे निव्वळ विज्ञानकथांचे मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे छापीत आणि पत्राखाली वाचकाचा पत्ताही छापीत. गोष्ट क्षुल्लक दिसते, पण तिचा परिणाम फार मोठा झाला. संपादकाला पत्र लिहिणारा वाचक आता दुसऱ्या वाचकाला लिहू लागला. या पत्रव्यवहारातून मंडळे निघाली, मंडळांतून हाताने छापलेली नियतकालिके निघाली, आणि या नियतकालिकांत मासिकातल्या कथांची अशी चिरफाड होऊ लागली की लेखकांनाही ती वाचल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. याच मंडळींतले कित्येक पुढे स्वतः नामांकित लेखक झाले.

चाळीस वर्षांनी, सप्टेंबर १९६६ मध्ये, 'स्टार ट्रेक' सुरू झाली तेव्हा ही लिहिणारी जमात तयार होती. मालिकेचा प्रेक्षक बेताचाच होता आणि दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी वदंता उठली. तेव्हा ब्यो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने देशभरच्या चाहत्यांना पत्रे लिहिण्यास उद्युक्त केले. पत्र कसे लिहावे याच्या सूचनाही त्यांनी दिल्या : स्वच्छ लिहा, सभ्य लिहा, छापील मजकूर पाठवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा. एनबीसी या प्रक्षेपण कंपनीकडे पत्रांचा असा पूर आला की १ मार्च १९६८ रोजी भाग संपताच कंपनीला पडद्यावरूनच जाहीर करावे लागले, की मालिका पुढे चालू राहील. पुढे मात्र कंपनीने ती शुक्रवारी रात्री दहा वाजता टाकली. त्या वेळी तिचा तरुण प्रेक्षक घरी बसणारा नव्हता. ३ जून १९६९ रोजी ७९ भागांवर मालिका संपली. चाहते जिंकून हरले असे कोणी म्हणेल. पण तिसरे वर्ष मिळाल्यामुळेच स्थानिक केंद्रांना रोज दाखविण्यापुरते भाग साठले, आणि पुनःप्रक्षेपणात तिला पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा प्रेक्षक लाभला. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला चाहत्यांचा मेळावा भरला, तेव्हा काही शेकडा माणसे येतील अशी अपेक्षा होती. तीन हजारांहून अधिक आली. १९७६ साली तर चाहत्यांच्या पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या अवकाश-विमानाचे ठरलेले नाव बदलून मालिकेतल्या यानाचे 'एंटरप्राइज' हे नाव त्याला देण्यात आले. ते विमान केवळ वातावरणातल्या चाचण्यांसाठी होते, ते अवकाशात कधी गेलेच नाही, ही गोष्टही चाहत्यांनीच आवर्जून नोंदवून ठेवली आहे!

या टीकेची रीत कशी असते याचा एक मासला देतो. 'स्टार ट्रेक' मध्ये माणसे एका चौथऱ्यावर उभी राहतात, झगमगाट होतो, आणि ती ग्रहावर प्रकट होतात. ही युक्ती विज्ञानातून निघाली असा समज होईल. खरे कारण पैशाचे होते. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवायचे तर प्रतिकृतींच्या चित्रणाचा खर्च परवडेना, म्हणून माणसेच वरून खाली 'पाठविण्याची' सोय काढली. पण चाहत्याला निर्मात्याच्या खिशाशी कर्तव्य नाही. तो विचारतो, माणसाचा प्रत्येक कण टिपायचा तर अनिश्चिततेच्या तत्त्वाचे काय? कणाचे स्थान आणि त्याचा संवेग ही दोन्ही एकाच वेळी अचूक कळत नाहीत हे हायझेनबर्गने १९२७ सालीच सांगून ठेवले आहे. या शंकेला उत्तर म्हणून पुढच्या मालिकेच्या लेखकांनी त्या यंत्रात 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा एक भाग असतो असे पात्रांच्या तोंडी घातले. तो चालतो कसा हे अर्थात कोणालाच सांगता येत नाही. तरी प्रेक्षकाने शंका घ्यावी आणि लेखकाला तिची दखल घ्यावी लागावी, हे नाते आम्हांस फार मोलाचे वाटते. कीर्तनात बुवांचा दृष्टांत चुकला तर एखादा म्हातारा पुढच्या रांगेतून खाकरतो आणि बुवा सावरून घेतात, तसेच हे आहे.

दुसरा एक प्रकार याच्या उलट आहे. 'स्टार वॉर्स' या १९७७ च्या चित्रपटात एक पात्र आपल्या यानाच्या वेगाची बढाई मारताना 'पार्सेक' हे परिमाण वापरते. पार्सेक हे अंतराचे माप आहे, सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षांचे. वेळेच्या जागी ते वापरणे म्हणजे "आम्ही अंबडला बारा किलोमीटरांत पोचलो" असे म्हणण्यासारखे. ही चूक चाहत्यांनी ताबडतोब पकडली. परंतु तिथेच न थांबता चूक बरोबर ठरावी अशी उपपत्तीही त्यांनीच रचली : वाटेत कृष्णविवरे असावीत, आणि जो धाडसाने त्यांच्या जवळून जाईल त्याला कमी अंतर कापावे लागत असावे. आपल्या भाष्यकारांनी मूळ सूत्रातली विसंगती मिटविण्यासाठी जे बुद्धिकौशल्य खर्च केले, त्याच जातीचे हे काम आहे. आम्हांस स्वतःला चूक पकडणारा अधिक जवळचा वाटतो. पण शिवणारा नसता तर उसवलेले कापड कोणी जवळ ठेवले असते?

आता ठेवण्याचाच विषय निघाला आहे, म्हणून फ्रेड हॉइल यांचे सांगतो. हे केंब्रिजचे थोर खगोलशास्त्रज्ञ, आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ ची. १९६१ साली जॉन एलियट यांच्यासह त्यांनी बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका लिहिली. देवयानी दीर्घिकेच्या दिशेने रेडिओसंदेश येतो, त्यात एक संगणक बांधण्याची कृती असते, आणि माणसे तो बांधतात, अशी तिची कल्पना. नारळीकर त्या काळी हॉइल यांच्याच हाताखाली संशोधन करीत होते. आज ती मालिका पाहू म्हटले तर सातांपैकी एकच भाग संपूर्ण शाबूत आहे. त्या काळी चित्रफिती महाग होत्या. एकदा दाखविलेला कार्यक्रम पुसून त्याच फितीवर दुसरा घेत. १९६३ पासून चालू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचेही असेच शंभराच्या आसपास भाग पुसले गेले. पण तिथे एक नवल घडले. काही शाळकरी मुलांनी घरातल्या पेटीसमोर ध्वनिमुद्रक धरून भागांचा आवाज टिपून ठेवला होता. या पोरांमुळे एकूण एक हरवलेल्या भागाचा आवाज आज ऐकावयास मिळतो. संस्थेने पुसले, चाहत्याने ठेवले.

आपल्याकडे चाहता लिहीत नव्हता असे मात्र कोणी समजू नये. १९९० साली सुरू झालेल्या 'सुरभि' या कार्यक्रमाला प्रश्नोत्तरांची इतकी कार्डे येऊ लागली की पुढे टपालखात्याने स्पर्धांसाठी जादा किमतीचे वेगळे पोस्टकार्ड काढले. 'टर्निंग पॉइंट' या विज्ञानविषयक कार्यक्रमात प्राध्यापक यशपाल प्रेक्षकांच्या पत्रांतल्या शंकांना उत्तरे देत, आणि शंका कितीही बाळबोध असली तरी तिला हसत नसत. म्हणजे लेखणी होती, कार्ड होते, शंकाही होती. नव्हती ती फक्त गर्न्सबॅकसाहेबांची युक्ती. आपला प्रेक्षक दिल्लीला लिहीत होता. जालन्याच्या प्रेक्षकाने परभणीच्या प्रेक्षकाला लिहावे अशी सोय कोणी केली नाही.

ती सोय मराठीत एका वेगळ्या वाटेने झाली. 'स्टार ट्रेक' सुरू झाली त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली. परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली आणि वाचकालाच लिहिते केले. १९७४ सालच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली; लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग उघड झाले की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! स्वतःची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव बनविले होते, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. तोपर्यंत नारळीकरांची कीर्ती देशभर पसरलेली होती. स्वतःच्या नावाने कथा पाठविली असती तर परीक्षकांनी ती डोक्यावर घेतली असती. पण मग कथा चांगली की नाव मोठे, हे कोणालाच कळले नसते. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या संशोधनावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण आपले नाव दाराबाहेर ठेवून परीक्षेला बसण्याची ही गोष्ट प्रत्येक चाहत्याने गाठीला बांधण्यासारखी आहे.

कारण आज नेमके याच्या उलट चालले आहे. आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. मालिकेचा भाग संपण्यापूर्वीच हजारो मते जगभर फिरतात. यात चांगले पुष्कळ आहे. भोकरदनच्या मुलीला टोकियोतल्या मुलाशी एका परग्रहाच्या भूगोलावर वाद घालता येतो, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण कथेवरचे प्रेम हळूहळू कथेवरच्या मालकीहक्कात बदलते आणि मग टीकेची भाषा नासते. २०१७ च्या 'द लास्ट जेडाय' या चित्रपटानंतर केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीवर चाहते म्हणविणाऱ्यांनी शिव्यांचा असा भडिमार केला की २०१८ साली तिने आपल्या सार्वजनिक पानावरचे सगळे लेखन काढून टाकले. पात्र कथेत नीट बसले की नाही हा टीकेचा विषय होऊ शकतो. नटीचा वर्ण आणि रूप हा टीकेचा विषयच नव्हे. ट्रिंबल दांपत्याच्या सूचनांत 'सभ्य लिहा' ही सूचना काही उगीच नव्हती.

चाहत्यांची भांडणे महाराष्ट्राला नवी नाहीत. बालगंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसल्यांचे चाहते एकमेकांकडे कसे पाहत हे जुन्या मंडळींनी लिहून ठेवले आहे. पण ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' चा प्रयोग झाला, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, तेव्हा दोन्ही पक्ष एकाच नाट्यगृहात बसले. दोघांचे गाणे एका रात्री ऐकल्यावर काय बोलायचे ते ऐकून बोलता आले. प्रतिपक्षाची कलाकृती समग्र पाहावी आणि मगच बोलावे एवढी शिस्त आजच्या तरुणांनी पाळली तरी अर्धे रण शांत होईल असे आम्हांस वाटते.

आता राहिला मराठीचा प्रश्न. मराठीत विज्ञानकथा विपुल आहे. नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे अशी नावे सहज सांगता येतील. चित्रपटात २०१६ साली 'फुंतरू' सारखा एखादा प्रयत्न झाला. मराठी मालिकांत मात्र विज्ञानकथा शोधू गेले तर हाती फारसे काही लागत नाही. निर्माते म्हणतात, प्रेक्षक नाही. आमचे म्हणणे असे की परीक्षक तयार आहे, परीक्षेला बसणारा नाही. उदाहरण आपल्या गावचेच घ्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ साली देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्यातही या कंपनीचा हात होता. आता समजा, उद्या एखाद्या मालिकेत नायक दुष्काळी ग्रहावर संकरित बियाणे पेरतो, त्याच पिकाचे दाणे राखून पुढल्या साली पुन्हा पेरतो, आणि शेत पहिल्यासारखेच एकसारखे डोलते. मुंबईच्या दिवाणखान्यात ते खपून जाईल. पण बदनापूरचा किंवा परतूरचा शेतकरी खाटेवर उठून बसेल आणि म्हणेल, "काय राव, संकरित वाणाचे बी घरचे धरले तर दुसऱ्या पिढीत झाडाला झाड सारखे राहत नाही, हे याला कोणी सांगितले नाही?" ही विज्ञानकथेची टीका आहे आणि ती अव्वल दर्जाची आहे. ती लिहून ठेवली पाहिजे, आणि परभणीच्या माणसाने ती वाचून तीत दुरुस्ती सुचविली पाहिजे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. १९८० आणि ९० च्या दशकांत ज्यांच्या घरी व्हिडिओ यंत्र होते, त्यांच्यापैकी काहींनी दूरदर्शनचे कार्यक्रम फितींवर उतरवून घेतले असतील. अशा फिती माळ्यावर पडलेल्या असल्या तर रद्दीत घालू नका. काढल्यावर लगेच यंत्रात घालून चालवूही नका. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते. एरवी बुरशी यंत्रात जाते आणि पुढची फितही बिघडते. मुलांच्या वाढदिवसावर किंवा लग्नावर 'कॅप्टन व्योम' चा भाग घेतलेला असेल, किंवा त्याच्या उलट झाले असेल, तरी लाजू नका. फितीवर काय आहे, कोणत्या साली घेतले, पाहणारे कोण कोण होते आणि ते काय म्हणाले, एवढे एका कागदावर लिहून डब्यात ठेवा.

शंका असतील त्यांनी आता विचाराव्यात. पुढच्या रांगेतल्या मुलांनी आधी.